रान, अरण्य आणि बरं होणं

निसर्गाच्या सहवासात बरं होण्याची पुस्तकं हा आता जवळजवळ स्वतंत्र साहित्यप्रकार झाला आहे. रिचर्ड मेबी यांचं 'नेचर क्युअर' २००५ साली आलं. नैराश्यातून उठताना पूर्व इंग्लंडच्या सपाट, पाणथळ प्रदेशानं काय दिलं, याची ती हकिगत. २०१४ मध्ये हेलन मॅक्डोनाल्ड यांचं 'एच इज फॉर हॉक' आलं, वडील अचानक गेल्यानंतर एका शिकारी पक्षिणीला माणसाळवण्यात घालवलेल्या दिवसांचं. दोन्ही पुस्तकं चांगली आहेत. त्यांच्या मागून आलेली बरीचशी नाहीत. त्यांत माणूस मोडतो, शहर सोडतो, झाडाखाली बसून वही उघडतो आणि अडीचशे पानांत बरा होतो. झाडाचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही.

अशाच एका पुस्तकाच्या अनुवादासाठी मला मध्यंतरी विचारणा झाली होती. नमुन्याची पानं करताना पेच आला तो 'हीलिंग'चा. 'उपचार' म्हटलं की दवाखाना आठवतो, 'शुश्रूषा' म्हटलं की नर्स. आपल्याकडे साधा शब्द आहे 'बरं होणं'. पण 'बरा माणूस' म्हणजे निरोगी माणूस नव्हे. ज्याच्यावर थोडा विश्वास टाकता येईल असा माणूस. मराठीच्या या 'बरं'मध्ये तब्येत आणि वर्तन एकाच जागी राहतात. इंग्रजी शब्दाला हा दुसरा अर्थ नाही, आणि त्या पुस्तकातल्या नायकाला तो झेपलाही नसता.

हा दुसरा अर्थ झेपणारी कादंबरी आपल्याकडे १९३९ पासून आहे. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची 'आरण्यक'. (मराठी वाचकाला हे नाव ऐकून आधी रत्नाकर मतकरींचं नाटक आठवतं, त्याचा याच्याशी संबंध नाही.) तिच्याकडे बहुतेकदा निसर्गस्तोत्र म्हणून पाहिलं जातं. चांदण्यातलं जंगल, घोड्यावरून केलेली रपेट, सरस्वती कुंडीच्या काठी स्वतःच्या खर्चानं आणि कुणाच्या मालकीशिवाय वेली-फुलझाडं लावत फिरणारा युगलप्रसाद: हे सगळं त्यात आहेच, आणि त्याला तोड नाही. तरीही मला ती स्तोत्र वाटत नाही. मला ती जबानी वाटते.

कथा सांगणारा सत्यचरण हा कलकत्त्यातला शिकलेला बेकार तरुण. मेसमध्ये राहतो, पैसे थकलेत. एका मित्राच्या ओळखीनं त्याला बिहारमधल्या हजारो बिघे जंगलाच्या इस्टेटीवर मॅनेजरची नोकरी मिळते. सुरुवातीला तो इतका कंटाळतो की परत जायचं ठरवतो. कचेरीतला जुना कारकून त्याला सांगतो, की थांबा, हे जंगल माणसाचा ताबा घेतं. तसंच होतं. शहरानं निरुपयोगी ठरवलेला माणूस इथे सावरतो, त्याला डोळे फुटतात. आजच्या पुस्तकांची गोष्ट इथे संपली असती.

पण सत्यचरणला पगार कशाचा मिळतो? जंगलाचा 'बंदोबस्त' करण्याचा. बंगालीत हा जमीनमहसुलाचा शब्द: जमीन कुळांना लावून देणं, सलामी आणि सारा ठरवणं. मराठीत याच शब्दानं पोलीस डोळ्यांसमोर येतात, किंवा कुणाला तरी धडा शिकवणं. एरवी अशा अर्थांतरामुळे अनुवादकाची फजिती होते. इथे मात्र मी तो शब्द डोळे मिटून तसाच ठेवीन. सत्यचरण अरण्याचा मराठी अर्थानंही बंदोबस्तच करतो. ज्या झाडांनी त्याला उभं केलं, ती त्याच्या सहीनं तोडली जातात, आणि लवटुलिया, नाढा बइहार या भागांत मका नि वस्त्या येतात. सरस्वती कुंडीही फार काळ वाचणार नाही, हे त्याला ठाऊक असतं.

म्हणून कादंबरीची चौकट महत्त्वाची. नोकरी संपून बरीच वर्षं झाल्यावर सत्यचरण हे सगळं कलकत्त्यात बसून सांगतो, आणि सांगण्याचं कारण सुरुवातीलाच देतो: हे अरण्य माझ्या हातून नष्ट झालं, आणि आपला अपराध आपल्या तोंडानं सांगितला की त्याचा भार हलका होतो असं ऐकलं आहे. शेवटी तो अरण्याच्या आदिम देवतांची क्षमा मागतो. ती मिळाली की नाही, हे कादंबरी सांगत नाही. लेखनानं भार हलका होतो ही त्याच्यासाठी फक्त ऐकीव गोष्ट आहे. लेखनानं जखम भरते असं सांगणाऱ्या आजच्या पुस्तकांत हा संशय मला सापडत नाही.

विभूतिभूषण स्वतः १९२४ पासून काही वर्षं भागलपूर भागात अशाच इस्टेटीच्या नोकरीवर होते. पहिली पत्नी गौरी लग्नानंतर वर्षभरातच गेली होती. या मुक्कामाच्या नोंदी 'स्मृतिर रेखा' या त्यांच्या दैनंदिनीत आहेत. तिथे राहून त्यांनी लिहिलं ते मात्र 'पथेर पांचाली', म्हणजे मागे सुटलेल्या बंगालच्या गावाबद्दल; आणि जंगलाबद्दल लिहिलं ते जंगल सुटल्यावर. समोरच्या झाडाखाली बसून लगेच वही भरण्याच्या सल्ल्याला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्यापाशी नाही.

दुर्गा भागवतांचं उदाहरण वेगळं. मध्य भारतातल्या आदिवासी भागात संशोधनासाठी हिंडताना झालेल्या विषबाधेनं त्यांची काही वर्षं अंथरुणात गेली. पुढे १९५६ मध्ये 'ऋतुचक्र' आलं, चैत्र ते फाल्गुन अशा बारा महिन्यांचं. पण ते आजारातून उठण्याची कहाणी म्हणून कुठेही उभं राहत नाही. त्यातला फुलोरा बाईंसाठी फुललेला नाही. त्या फक्त वेळेवर तिथे हजर आहेत. मला हा संयम मोठा वाटतो. 'आरण्यक'मध्ये असा संयम नेहमी नसतो. संथाळ राजा दोबरू पान्नाच्या घरातल्या भानुमतीशी लग्न करून इथेच राहावं, हे सत्यचरणचं दिवास्वप्न मला आता वाचवत नाही. जंगलाकडून घ्यायचं राहिलेलं तो तिच्याकडून घेऊ पाहतो. मात्र विभूतिभूषणांनी त्याला तेही मिळू दिलेलं नाही. भारतवर्ष हे नाव भानुमतीनं ऐकलेलं नसतं, त्या प्रसंगात कोण कुणाच्या देशात पाहुणा आहे ते स्पष्ट होतं.

आता अनुवादाच्या खऱ्या अडचणीकडे. बंगाली 'अरण्य', 'वन', 'जंगल' मराठीत सहज येतात, पण वाक्याची लय आपल्याला 'रान' या शब्दाकडे ओढते. तो लहान आहे, जिवंत आहे, 'रानफूल', 'रानवाट' असं कुठेही मिसळतो. आणि देशावर शेतकरी 'रानात जातो' म्हणतो तेव्हा तो नांगरायला किंवा खुरपायला निघालेला असतो. रान म्हणजे जंगलही आणि शेतही. आपल्या भाषेत ते कष्टाचं ठिकाण आहे, तिथे कुणी स्वतःला शोधायला जात नाही. एरवी मी या शब्दासाठी भांडले असते. पण 'आरण्यक'ची सगळी शोकांतिका जंगलाचं शेत होण्यात आहे, आणि 'रान' शब्द तो बदल गिळून टाकतो: आधीही रान, नंतरही रान, जणू काही घडलंच नाही. म्हणून माझ्या मसुद्यात जंगलासाठी सगळीकडे 'अरण्य' किंवा 'जंगल' आहे, वाक्य जड झालं तरी. 'रान' पहिल्यांदा येतं ते कुळं आल्यावर, पेरणीच्या वेळी, आणि तेही सत्यचरणच्या तोंडी नाही. ते कुळांच्या तोंडी आहे. त्यांना तिथे पहिल्यांदाच पोटभर खायला मिळणार असतं.