प्रोमीथिअसची दोन रूपे

इंग्रजी रोमँटिक वाङ्मयाचे दोन प्रवाह कल्पिण्याचा अध्यापनात प्रघात आहे : एक मानवाच्या मुक्तीवर श्रद्धा ठेवणारा, दुसरा भय, अपराध व विनाश यांत रमणारा. शेलीस पहिल्या बाजूस बसवावयाचे, बायरनला दुसऱ्या. आणि मेरी शेलीची कादंबरी भयकथा म्हणून उंबऱ्याबाहेरच ठेवावयाची. पालग्रेव्हच्या ‘गोल्डन ट्रेझरी’वर (१८६१) पोसलेल्या रुचीस हे सोयीचेही होते, त्या संग्रहात भावगीतांखेरीज कशालाच जागा नव्हती.

ही विभागणी १८१६ च्या उन्हाळ्यापाशी अडते. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता आणि युरोपात त्या साली उन्हाळा असा पडलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठी पावसाने कोंडलेल्या या मंडळींपैकी बायरनने सूर्य विझल्याची कल्पना करणारी ‘डार्कनेस’ लिहिली, आणि ‘प्रोमीथिअस’ ही कविताही. अठरा वर्षांच्या मेरीने तेथेच ‘फ्रँकेन्स्टाइन’ आरंभिली. १८१८ मध्ये ती निनावी प्रसिद्ध झाली तेव्हा तिला ‘आधुनिक प्रोमीथिअस’ असे उपशीर्षक होते. आणि त्याच वर्षी शेलीने ‘प्रोमीथिअस अनबाउंड’ हाती घेतले. एकाच संसारात एकच पुराणपुरुष असा दोन अंगांनी वावरत होता.

शेलीच्या नाटकातील खरी घटना ज्युपिटरचे पतन ही नव्हे. ती पहिल्याच अंकात घडून जाते : शृंखलाबद्ध प्रोमीथिअस आपणच पूर्वी उच्चारलेला शाप पुन्हा ऐकतो व त्याचा त्यास पश्चात्ताप होतो. द्वेष सुटतो, आणि मग बाकीचे सारे सुटते. आता फ्रँकेन्स्टाइन पाहावा. त्याचा अपराध निर्मितीचा, असे सामान्यतः सांगण्यात येते. मला तसे वाटत नाही. निर्मिलेल्या जीवाने डोळे उघडताच तो किळसून पळून जातो, तेथे अपराध घडतो. तो जीव मुळात दुष्ट नाही. एका झोपडीच्या आडोशास राहून तो भाषा शिकतो. मिल्टन, प्लूटार्क आणि गटेचा ‘वेर्टर’ वाचतो. म्हणजे त्याचे शिक्षण कोणाही रोमँटिक तरुणासारखेच झाले आहे! दुःखाने आपणास राक्षस केले, हे त्याचे गाऱ्हाणे. आणि मनुष्य स्वभावतः चांगला, ही त्यामागील धारणा तर आशावाद्यांचीच. शेलीने मुक्तीची जी अट घातली, ती करुणेची अट न पाळली तर काय होते, हे मेरीने दाखविले. म्हणून या कृतींस परस्परविरोधी म्हणणे मला कठीण वाटते. मात्र मेरीने ही अट एका घराच्या, एका बापाच्या प्रमाणात मांडली. शेलीने ती विश्वावर पसरली, आणि त्यात त्याचे नाटक विरळ झाले. चौथ्या अंकात तर मनुष्य असा कोणी उरतच नाही. पृथ्वी, चंद्र व प्रहर गात राहतात.

तरीही त्या अंकास भाबडा म्हणणाऱ्याने तारखा पाहाव्यात. कादंबरीतील राक्षसाचा पहिला बळी विल्यम नावाचा बालक आहे. मेरीने ते लिहिले तेव्हा तिचा स्वतःचा विल्यम तान्हा होता. १८१८ च्या सप्टेंबरात या दांपत्याची कन्या क्लारा व्हेनिसमध्ये वारली, आणि १८१९ च्या जूनमध्ये रोममध्ये विल्यमही गेला. नाटकाचे पहिले तीन अंक तोवर झाले होते. आनंदगीतांचा तो चौथा अंक शेलीने त्याच वर्षाच्या अखेरीस फ्लॉरेन्समध्ये लिहिला.