सोळा आणे रंग

रंगांच्या बाबतीत माझी नजर बँकेने बिघडवली. वीस वर्षं काउंटरमागे बसल्यावर माणसाला दोनच रंग ओळखता येतात : निळी शाई आणि तांबडी शाई. साड्यांच्या दुकानात सौ. "हा चिंतामणी बघा, हा मोरपंखी बघा" म्हणते, तेव्हा मी दोन्हींना "छान" म्हणतो. मला दोन्ही निळेच दिसतात. फरक दिसतो तो किमतीच्या चिठ्ठीत.

त्यामुळे परवा आमची कन्या "बाबा, जरा रंगाचं बघतोस का?" म्हणाली, तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. कन्या कॉम्प्युटर शिकते. सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी तिने इंटरनेटवर एक पान बनवलं होतं. मथळा नारिंगी यायला हवा होता, तो आला काळा. सेक्रेटरींनी फोन करून "शोकसभा कुणाची?" असं विचारलं होतं म्हणे.

तिने मला शास्त्र समजावलं. पडद्यावरचा प्रत्येक रंग म्हणजे तीन खाती : तांबडं, हिरवं आणि निळं. प्रत्येक खात्यात शून्यापासून २५५ पर्यंत शिल्लक. तिन्ही रिकामी असली की काळोख, तिन्ही भरली की पांढरंशुभ्र. असे एकूण रंग होतात १,६७,७७,२१६. मग हीच शिल्लक दुसऱ्या वहीत सोळाच्या हिशेबाने लिहायची. नवापर्यंत नेहमीचे आकडे, दहाला ए, अकराला बी, असं करत पंधराला एफ. १४० ला सोळाने भागा : भागाकार आठ, बाकी बारा. बारा म्हणजे सी. झालं '८सी'. उलट यायचं तर आठ गुणिले सोळा १२८, अधिक बारा, १४०.

सोळा म्हटल्याबरोबर माझे कान टवकारले. आमचे आजोबा पेढीवर दिवाणजी होते. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तोवर रुपयाचे आणे सोळा आणि शेराचे छटाकही सोळा. आजोबांना हे हेक्साडेसिमल दाखवलं असतं, तर त्यांनी तपकिरीची चिमूट ओढून एवढंच विचारलं असतं, "सगळं ठीक आहे, पण पंधरा आण्यांना एफ का म्हणता?"

मी कन्येची वही तपासायला घेतली. नारिंगीची शिल्लक : तांबडं २५५, हिरवं १४०, निळं ०. तिच्या प्रोग्रॅमने उतरवलं होतं, एफएफ, ८सी आणि ०.

"अगं, ही पाचच अक्षरं झाली," मी म्हटलं. "प्रत्येक खात्याला दोन घरं ना? निळ्याचं एक घर कुठे गेलं?"

"शून्य म्हणजे शून्यच ना, बाबा!"

हे वाक्य ती घरात बोलली म्हणून ठीक. सोळाच्या आतली कुठलीही रक्कम एकाच अक्षरात मावते, म्हणून तिच्यापुढे शून्य मांडायला हवं. नाहीतर घरं मोडतात. पाच अक्षरांचा रंग कॉम्प्युटर अपुऱ्या चेकसारखा बिनशेऱ्याने परत करतो आणि अक्षरं मूळच्या काळ्या रंगात ठेवतो. शून्य घातलं, बाप्पा नारिंगी झाले, आणि मला न मागता दुसरा चहा मिळाला.

एका शून्याच्या यशावरही माणसाचा समीक्षक होतो. मी सगळ्या प्रकाराचं परीक्षण करायला बसलो.

आकड्यांच्या लिपीविषयी माझं मत अनुकूल आहे. तीन आकड्यांवरून सहा अक्षरं काढा, सहा अक्षरांवरून तेच तीन आकडे परत. पैचा फरक नाही. आमचा ट्रायल बॅलन्स असा जुळता तर मी कित्येक मार्चअखेरी घरी जेवलो असतो. दोष एकच, काटकसरीची हौस. जोडीतली अक्षरं सारखी असली की एकेकच लिहायची सवलत आहे. एफएफ८८०० चं नुसतं एफ८०. म्हणजे आठ लिहा आणि अठ्ठ्याऐंशी समजा! काउंटरवर हे चालवून पाहा.

पण रंगांना नावं देणारी जी अधिकृत यादी आहे, जवळजवळ दीडशे नावांची, तिच्याबद्दल बरं लिहवत नाही. तिच्यात 'खाकी' आहे : २४०, २३०, १४०. हा रंग पाणी घातलेल्या आमरसासारखा दिसतो. या खाकीतला हवालदार चौकात उभा केला, तर तो थेट हळदीच्या कार्यक्रमातून आलाय असं वाटेल. 'ग्रे'च्या तिन्ही खात्यांत १२८ आणि 'डार्क ग्रे'च्या १६९. म्हणजे गडद राखाडी हा साध्या राखाडीहून उजळ! कारण विचाराल तर विलीनीकरण. सोळा नावांची एक छोटी यादी होती आणि १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झालेल्या 'एक्स विंडो'ची दुसरी लांबलचक. दोन्ही एकत्र केल्या, खाती कुणी ताडून पाहिली नाहीत. बँकवाल्यांना हे सांगायला नको.

"नावं रद्द करावीत, आकडे पुरेत," असा शेरा मी लिहीत होतो, तेवढ्यात कन्येने एका ओळीवर बोट ठेवलं. 'रेबेकापर्पल'. १०२, ५१, १५३. म्हणजे ६६, ३३, ९९. जांभळ्यातली एक छटा.

एरिक मायर हे या वेबपानांच्या सजावटीच्या भाषेतले नाणावलेले अमेरिकन लेखक. त्यांची मुलगी रेबेका ७ जून २०१४ ला मेंदूच्या कर्करोगाने गेली. त्या दिवशी तिचा सहावा वाढदिवस होता. जांभळा रंग तिचा लाडका. वडिलांच्या व्यवसायबंधूंनी ही छटा तिच्या नावे करायचं ठरवलं आणि 'बेका' हे घरातलं नाव सुचवलं. वडिलांनी दुरुस्ती सांगितली. बेका हे बाळाचं नाव. सहा वर्षांची झाले की मला रेबेका म्हणायचं, असं तिने बजावून ठेवलं होतं. आणि सहा वर्षांची ती झाली होती, जवळजवळ बारा तास.

हिशेबाला या नोंदीची काही गरज नव्हती. ६६३३९९ आधीही होताच, पावणेदोन कोटींतला एक. मी माझा शेरा खोडला. छटा आकड्याने कळते. ती कुणाची, हे आकड्यात कुठे लिहिणार?

कन्येने मग पानाच्या चौकटीसाठी स्वतःचा रंग केला आणि त्याला चक्क देवनागरीत 'अबोली' नाव दिलं. तशी सोय आहे म्हणे. मी आकडे तपासून सही करणार, इतक्यात सौ. आली.

"हा अबोली? अहो, हा तर शेंदरी!"

तिने कपाटातून माझ्या आईची साडी काढली. तीन वर्षांत त्या साडीची घडी मोडली नव्हती. पडद्याशेजारी पदर धरून ती उभी राहिली आणि आम्ही हिरव्यात थोडं जमा, निळ्यात थोडं जमा करत बसलो. रात्री साडेअकराला ती म्हणाली, "हां. आता आईंचा झाला."

कन्येने नाव बदलून 'आजी-अबोली' केलं. आकडे मी वहीत उतरवून घेतलेत, प्रत्येकाला दोन घरं सोडून.