जुगुप्सेची भावंडे

'फॅस्टिडियस' म्हणजे चोखंदळ, हे आपण कचेरीतील इंग्रजीवरून जाणतो. परंतु ज्या लॅटिन 'फास्टिडियम' शब्दावरून तो आला, त्याचा अर्थ शिसारी किंवा वीट असा आहे. पूर्वीच्या इंग्रजीत 'वीट आणणारा' या अर्थीही तो योजला जाई. पुढे किळस येणे हेच अभिरुचीचे लक्षण ठरले. नाक मुरडतो तो रसिक, असा हा प्रवास!

आपल्याकडे शब्दांची सोयरीक निराळी जुळली. भरताने बीभत्साचा स्थायी भाव म्हणून सांगितलेली जुगुप्सा 'गुप्' धातूची. त्याचा मूळ अर्थ राखणे, झाकणे. पाणिनीच्या एकाच सूत्राने 'गुप्', 'तिज्' व 'कित्' यांस 'सन्' प्रत्यय लागून जुगुप्सा, तितिक्षा व चिकित्सा हे शब्द सिद्ध होतात. लगतच्या सूत्रात 'बीभत्स' आणि 'मीमांसा' यांची शेजारशेजारची पाने आहेत. हे नाते प्रत्ययाचे, अर्थाचे नव्हे. व्याकरणाकडून नीतिपाठ वदवून घेण्याचा आमचा आग्रह नाही. तरी टीकाकाराने ही पंगत विसरू नये.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजी राजांच्या (१७९८–१८३२) कारकिर्दीतील नेत्ररुग्णांच्या नोंदी व रंगीत चित्रे जपलेली आहेत. विकार जडलेला डोळा पाहून अंगावर शहारा येतो. पण चित्रकाराने व वैद्याने तोंड फिरविले असते, तर उपचार कोणी केला असता? जुगुप्सा आणि चिकित्सा यांच्यामध्ये तितिक्षेची पायरी लागते, ती ही.

साहित्यात मात्र आपण पहिल्याच पायरीवर थबकतो. मर्ढेकरांनी पिपातले मेलेले उंदीर कवितेत आणले, तेव्हा कित्येकांनी नाके मुरडली. 'काही कविता' (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटलाही झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. वाचकास शिसारी आली, हे खोटे नव्हते. पण शिसारी ही साक्ष आहे, निकाल नव्हे. तिने काय दाखविले, हे मीमांसेने ठरवावयाचे. केवळ घाण उपसून धीटपणा मिरविणारे लिखाणही असते. त्याचा दोष मळमळ आणणे हा नाही, मळमळीपलीकडे काहीच न दाखविणे हा आहे.

परमुलखी राहणाऱ्या आम्हां मंडळींस हे उमजणे जड नसावे. बदलीच्या पहिल्या महिन्यात ज्या फोडणीच्या वासाने जीव नकोसा होतो, वर्षाअखेर त्याच वासाने भूक लागते. फोडणी तीच असते. आपण पानावरून उठून गेलेलो नसतो, एवढेच.