काहाल यांचे उपदेशाचे पुस्तक आणि नवा संशोधक

मेंदूवर संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी काय वाचावे, असे विचारले तर अनेक जाणकार अजूनही सान्तियागो रामोन इ काहाल यांच्या एका छोट्या पुस्तकाकडे बोट दाखवतात. १८९७ साली माद्रिदच्या विज्ञान अकादमीत प्रवेश करताना काहाल यांनी जे भाषण केले, तेच वाढत वाढत या पुस्तकाच्या रूपाला आले. ‘अ‍ॅडव्हाइस फॉर अ यंग इन्व्हेस्टिगेटर’ हे त्याचे इंग्रजी भाषांतर १९९९ साली निघाले. आमच्या मते ते अवश्य वाचावे. पण विद्यार्थ्याच्या हाती ठेवून मार्गदर्शकाने मोकळे व्हावे, असे मात्र ते नाही.

काहाल (१८५२–१९३४) हे स्पेनमधले डॉक्टर. चेतासंस्था हे एक अखंड जाळे नसून ती सुट्या पेशींची बनलेली आहे, हे त्यांनी दाखवले. त्यासाठी वापरलेली रीत मात्र इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांची, १८७३ सालची. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचा आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचा. असंख्य पेशींपैकी मोजक्याच काळ्या होतात, पण होतात त्या मुळापासून शेंड्यापर्यंत. सगळ्याच रंगल्या असत्या तर सूक्ष्मदर्शकाखाली नुसते घनदाट रान दिसले असते! काहाल यांनी असे छेद १८८७ साली पाहिले आणि त्यात एका युक्तीची भर घातली. प्रौढ प्राण्याऐवजी त्यांनी भ्रूण आणि नवजात पिल्ले घेतली. त्यांच्या अक्षतंतूंवर मेदाचे वेष्टण अजून चढलेले नसल्याने रंग नीट बसतो. निष्कर्ष छापण्यासाठी १८८८ साली त्यांनी स्वतःचेच नियतकालिक काढले, आणि १८८९ साली बर्लिनला छेद नेऊन जर्मन शरीररचनातज्ज्ञांना दाखवले. पाठीशी ना मोठी प्रयोगशाळा, ना मार्गदर्शक. या पुस्तकाचा स्वर इथून आलेला आहे.

त्यातली दोन प्रकरणे आम्हांला फार आवडली. एक नवशिक्याला अडवणाऱ्या समजुतींचे: थोरांबद्दल नको इतका आदर, महत्त्वाचे सगळे शोध लागून गेले असे वाटणे, आपल्याला बुद्धीच कमी आहे ही भीती. दुसरे इच्छाशक्तीच्या रोगांचे. नुसते वाचतच राहणारे, उपकरणांच्या चकाकीत रमणारे, प्रयोग न करता सिद्धान्त रचणारे, अशी माणसे त्यांनी रंगवली आहेत. कोणत्याही महाविद्यालयाच्या शिक्षकखोलीत हे प्रकरण मोठ्याने वाचावे. ऐकणारे एकमेकांकडे पाहतील.

पण ‘रोग’ म्हटले की दोष रोग्याचा. काम अडले तर विद्यार्थी ढिला, असाच सूर सगळीकडे निघतो. आता गॉल्जी आणि काहाल यांचेच पाहा. रीत एक, पेशी त्याच. तरी एकाला जाळे दिसले, दुसऱ्याला सुट्या पेशी. १९०६ सालचे नोबेल दोघांना वाटून मिळाले, तेव्हाही गॉल्जी आपल्या मताला चिकटून होते. गॉल्जींची इच्छाशक्ती काही कमी नव्हती. निर्धाराने पाहणारा डोळासुद्धा फसतो, आणि तो कसा फसतो हे कोणीतरी शेजारी बसून शिकवावे लागते.

आज तर हे अधिकच खरे आहे. २००९ साली अमेरिकेत क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेला सालमन मासा एमआरआय यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली. माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली! कारण साधे आहे. यंत्र मेंदूचे हजारो बारीक घन पाडते आणि प्रत्येकाची वेगळी चाचणी होते. इतक्या चाचण्यांत काही निव्वळ योगायोगानेच उत्तीर्ण होतात. त्यासाठी करायची दुरुस्ती केली की मासा पुन्हा मेलेलाच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की, चेताविज्ञानातल्या अभ्यासांची परिणाम पकडण्याची क्षमता मध्यकाने जेमतेम २१ टक्के भरते. म्हणजे परिणाम खरोखर असला, तरी पाचांपैकी चार वेळा तो निसटायचा. यावर उपाय अधिक जिद्दीचा नाही, प्रयोगाआधी नमुना किती घ्यावा हे ठरवण्याचा आहे. आपल्याकडे २००९ च्या यूजीसी नियमांनी पीएच.डी.च्या सुरुवातीचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. हे शिकवण्याची जागा तीच. तिथे संशोधनपद्धतीच्या व्याख्या पाठ करून घेतल्या, तर सक्ती फुकट गेली म्हणायची.

संशोधकाने पत्नी कशी निवडावी, यावरही काहाल यांनी पाने खर्च केली आहेत. वाचणारी मुलगी असेल तर तिने काय करायचे, हे त्यांच्या मनातही आले नाही. नवल असे की ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर लॉरा फॉर्स्टर यांनी १९११ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत संशोधन केले.

शेवटचे प्रकरण शिक्षकावर आहे. अनुयायी घडवण्यात गुरूचे यश नाही, आपल्या पुढे जाणारे घडवण्यात आहे, असा त्याचा आशय. तो वाचताना आम्हांला पीओ देल रीओ-होर्तेगा आठवले. मेंदूतल्या ज्या पेशींना काहाल ‘तिसरा घटक’ म्हणत आणि ज्यांना फाटे नाहीत असे मानत, त्यांना फाटे असतात आणि त्या दोन जातींच्या असतात, हे या तरुण सहकाऱ्याने दाखवले. मायक्रोग्लियाचा शोध १९१९ चा, ऑलिगोडेंड्रोसाइटचा १९२१ चा. या दोन सालांच्या मधे, १९२० मध्ये, त्यांना काहाल यांची प्रयोगशाळा सोडावी लागली. प्रयोगशाळेतल्या हेव्यादाव्यांचाही त्यात भाग होता. सगळा दोष वृद्ध गुरूवर टाकणे बरोबर नाही. काहाल यांनी पुढे हे शोध मान्यही केले. पण थोरांपुढे झुकू नका असे विद्यार्थ्याला सांगितल्यावर तो आपल्याचपुढे झुकेनासा झाला तर काय करावे, याबद्दल पुस्तकात एक ओळ नाही.

पुस्तक सुमारे दीडशे पानांचे आहे. ज्यांना वेळ थोडा आहे त्यांनी दुसरे, पाचवे आणि नववे प्रकरण वाचावे. नववे वाचताना रीओ-होर्तेगांची गोष्ट विद्यार्थ्यालाही सांगावी.