पुसलेली मलिका

अहमदनगरच्या हुसेन निजामशहावर आफताबी नावाच्या शायराने फारसी काव्य रचले, 'तारीफ-इ-हुसेनशाही'. त्याची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. विषय १५६५ची तालिकोटची लढाई. पण लढाईआधी शायर मलिका खुंजा हुमायूनचे रूप आणि शादी रंगवतो. दख्खनच्या दरबारी चित्रकलेतील ही अगदी आरंभीची चित्रे. वधू राजाला खेटून तख्तावर बसलेली. मुसलमान दरबारात ही जवळीक कागदावर उतरावी, हेच आम्हाला मोठे वाटते.

मात्र बहुतेक चित्रांत ती आज दिसत नाही. तिच्या जागी रंगाचा डाग आहे.

आमच्या आठवीच्या वर्गात ही चित्रे छापील पुस्तकातून दाखवली, तेव्हा एका मुलीने चटकन उत्तर दिले, "तस्वीर हराम है ना सर, इसलिए." हे उत्तर बाहेरचे लोकही आपल्याविषयी देतात. पण मग राजाचा चेहरा शाबूत कसा? दासी शाबूत कशा? पुसणाऱ्याला चित्राचे वावडे नव्हते, या एका बाईचे होते. हुसेन १५६५ मध्येच वारला, मुलगा मुर्तजा लहान, कारभार मलिकेच्या हाती आला. १५६९ मध्ये त्याच मुलाने तिला कैद केले. अभ्यासक पुसण्याचा संबंध या सत्ताबदलाशी जोडतात आणि आम्हालाही तेच पटते.

वेलाझकेझने १६५९ मध्ये रंगवलेली स्पेनची आठ वर्षांची मार्गारिता पाहा. चित्र व्हिएन्नाला नियोजित वराकडे गेले. तो तिचा सख्खा मामा. १६६६ मध्ये लग्न, १६७३ मध्ये एकविसाव्या वर्षी मृत्यू. तिचा निळा झगा जगाला पाठ आहे. तिला कुणी पुसले नाही, कारण तिच्या हाती कधी सत्ता आलीच नाही.

खुंजा हुमायूनची लेक म्हणजे चांदबीबी. तिचे नाव आपल्या पोरांना ठाऊक असते, आईचे नसते.

याच पोथीतल्या एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते. हा संस्कृत काव्यातला दोहदाचा संकेत. आमच्या चामोर्शीजवळ मार्कंड्याच्या देवळांवर दगडी सुरसुंदरी आहेत, त्यांच्या जातकुळीची ही बाई फारसी पोथीत बिनदिक्कत उभी आहे. चितारी कुठला होता यावर विद्वान भांडोत. कपडे, दागिने, उभे राहण्याची ढब, सगळे इथल्या मातीचे आहे.