नेम चुकला की स्वभाव?

गो. वि. करंदीकरांचे 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' १९५७ साली मराठीत आले आणि त्या ग्रीक पंडिताला आमच्या घरात पाट मिळाला. उपकार लहान नव्हेत. परंतु पाहुणा आत आला, त्याची भाषा मात्र उंबऱ्याबाहेरच राहिली.

'हॅमार्शिया' हाच शब्द घ्या. इंग्रजी पाठ्यपुस्तकांनी त्याचा अर्थ स्वभावदोष असा केला. आम्ही तो मुकाट्याने उचलला आणि राजा इडिपस गर्वामुळे बुडाला, असे उत्तरपत्रिकांत लिहू लागलो. होमरच्या काव्यात फेकलेला भाला लक्ष्याला न लागता बाजूने जातो, तेव्हा याच शब्दाचे क्रियापद येते. म्हणजे नेम चुकणे! आमच्या शिवाजी पेठेत गोट्या खेळणारे पोरही हे सांगेल. इडिपसने वाटेतला एक उर्मट म्हातारा मारला. तो बाप निघाला. ही चूक न जाणण्याची आहे, आणि अंगावर काटा येतो तो म्हणूनच. गर्विष्ठाला शासन झाले, तर आपण घरी जाऊन सुखाने जेवतो!

'शोकांतिका' हा शब्दही असाच फसवा. सोफोक्लिसच्या 'फिलॉक्टेटीस'चा शेवट सुटकेचा आहे, तरी ग्रीकांच्या लेखी ते नाटक त्याच जातीचे. त्यापेक्षा 'शोकात्मिका' बरी. 'कॅथार्सिस'ला ज्याने 'विरेचन' म्हटले, त्याचा कान मात्र तिखट. ग्रीक वैद्यही पोट साफ करण्याला तोच शब्द वापरीत.

पु. ल. देशपांड्यांनी १९७९ साली 'राजा ओयदिपौस' असे नाव दिले, ते मला आवडते. त्या नावात सुजलेला पाय आहे. शिवाय 'ओइदा' म्हणजे 'मला ठाऊक आहे', हा ध्वनीही आहे. पायांचे कोडे सोडवणाऱ्या राजाला स्वतःच्या पायांचे कोडे उलगडत नाही! भाषांतर कितीही रसाळ असो, ही गंमत मुळाशिवाय हाती लागत नाही.

ही चैन आहे, असे कोणी म्हणेल. मुंबई विद्यापीठात संस्कृत-फारसीच्या जोडीने लॅटिनही शिकवीत. आणि आमच्याच राजाराम कॉलेजात माधव जूलियन फारसी शिकवीत होते. मराठीत गझल रुजली ती फारसी मुळातून वाचणाऱ्या त्या माणसाच्या हातून, भाषांतरांच्या उसनवारीतून नव्हे.

१९६२ पासून आमच्या गावात विद्यापीठ आहे. मराठीच्या दहा मुलांना आठवड्यातून दोन तास ग्रीक शिकवायला एक मास्तर पुरे. मी केवळ मॅट्रिक. पण घेत असतील, तर शेवटच्या बाकावर बसायला तयार आहे.