एन्लार्जरची पारख : सरळ दांडा आणि समांतर पातळ्या

घरच्या डार्करूमसाठी एन्लार्जर कोणता घ्यावा, असे विचारले की उत्तरादाखल बहुधा एखाद्या कंपनीचे नाव ऐकू येते. कोणी लाइट्झचा फोकोमॅट म्हणतो, कोणी डर्स्ट, तर कोणी 'भिंग जर्मन असले की बाकी काही पाहू नका' असा सल्ला देतो. या सल्ल्यांत एक उणीव आहे. एन्लार्जर हे मूलतः मोजमापाचे उपकरण आहे, याचा त्यांत मागमूस नसतो. निगेटिव्हवरील प्रत्येक बिंदू ठराविक पटीने मोठा करून कागदावर योग्य जागी नेऊन ठेवणे, हे त्याचे काम. चित्र सुंदर दिसते का, हा पुढचा प्रश्न.

ही उणीव किती महागात पडते हे पाहायचे तर कोयनानगरचे उदाहरण घेऊ. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेला जो भूकंप झाला, त्याची नोंद धरणाच्या आतील मार्गिकेत, १-अ क्रमांकाच्या खंडात बसवलेल्या त्वरणलेखकाने केली. हे यंत्र प्रकाशचित्रण पद्धतीचे होते. हलत्या आरशावरून परावर्तित झालेला किरण सरकत्या प्रकाशसंवेदी पट्टीवर रेषा काढतो, आणि पट्टी नंतर फोटोसारखीच धुवावी लागते. त्या नोंदीवरून धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ आणि उभ्या दिशेने ०.३४ पट गुरुत्वत्वरण एवढी कमाल मूल्ये मिळाली. धरणाचा आराखडा करताना भूकंपासाठी धरलेला गुणांक ०.०५ होता! १०३ मीटर उंचीच्या या धरणाला मागच्या बाजूचा उतार जेथे एकाएकी बदलतो त्या पातळीच्या आसपास तडे गेले. ते का गेले, हे समजून घेण्यासाठी जगभरच्या अभियंत्यांनी हीच नोंद वापरली. काँक्रीटच्या धरणांचे गणित तपासताना कोयनेचा आलेख घेण्याची प्रथा आजही आहे.

आता समजा, कोयनानगरच्या एखाद्या शाळेतील विज्ञान शिक्षकांनी पुस्तकात छापलेल्या त्या आलेखाचा फोटो काढला, घरच्या डार्करूममध्ये तो मोठा केला आणि वर्गाला पट्टीने मोजायला दिला. प्रयोग उत्तम आहे. पण त्यात एन्लार्जरचा दोष कोठे आणि किती शिरतो, हे आधी पाहिले पाहिजे. त्वरणावरून वेग आणि वेगावरून विस्थापन काढायचे तर दोनदा संकलन करावे लागते. आधाररेषा गुरुत्वत्वरणाच्या केवळ हजाराव्या भागाने चुकली, तर दर सेकंदाला वर्गासाठी ०.९८ सें.मी. एवढे खोटे त्वरण तयार होते. दहा सेकंदांत त्याचे विस्थापन होते अर्धे गुणिले ०.९८ गुणिले १००, म्हणजे ४९ सें.मी. जमीन अर्धा मीटर सरकली, असे आपला कागद सांगेल, आणि ती तर जागची हललेलीही नसेल! आलेखावर एक गुरुत्वत्वरण म्हणजे ५० मि.मी. असे धरले तर ही चूक ०.०५ मि.मी.ची आहे. शाईच्या रेषेची जाडीच त्याहून अधिक असते. म्हणूनच अशा नोंदींवर हलत्या रेषांच्या जोडीला स्थिर रेषा आणि वेळेच्या खुणाही उमटवलेल्या असतात. कागद आकसला किंवा प्रत तिरकी निघाली, तर त्यांवरून दुरुस्ती करता येते. प्रत काढताना या खुणा चौकटीबाहेर कापल्या गेल्या, की आलेख केवळ शोभेचा उरतो.

एन्लार्जरमुळे होणारी सर्वांत मोठी चूक भिंगाची नसते, ती पातळ्यांची असते. निगेटिव्ह, भिंग आणि कागद यांच्या पातळ्या एकमेकींना समांतर हव्यात. ५० मि.मी. नाभीय अंतराच्या भिंगाने आठपट वर्धन केले तर भिंगापासून कागद ४५० मि.मी. अंतरावर येतो, आणि ३६ मि.मी. रुंदीची चौकट २८८ मि.मी. होते. कागदाची पातळी फक्त एका अंशाने कलली, तर एक कड सुमारे अडीच मि.मी. जवळ आणि दुसरी तेवढीच दूर जाते. दोन कडांच्या वर्धनात १.१ टक्क्याचा फरक पडतो. माणसाच्या चेहऱ्यात तो कोणालाही दिसणार नाही. आलेखात मात्र आधाररेषाच पसरट किंवा तिरपी होते.

हा दोष घरी तपासता येतो, आणि विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगा हा प्रयोग आहे. पूर्ण काळी झालेली वाया गेलेली फिल्म घ्या. चार कोपऱ्यांजवळ सुईच्या टोकाने बारीक फुल्या ओरखडा. ती आठपट मोठी करून चारही बाजू पोलादी पट्टीने मोजा. समोरासमोरच्या बाजूंत दोन मि.मी. फरक आढळला, तर दोष यंत्राचा की हाताने ओरखडलेल्या फुल्यांचा? फिल्म स्वतःच्याच पातळीत अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा. जो फरक फिल्मबरोबर फिरला तो फुल्यांचा, आणि जो जागच्या जागी राहिला तो यंत्राचा. तराजूत वजनांची पारडी बदलून पाहण्याची जी युक्ती, तीच ही. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराने एवढे करू दिले, तर यंत्रावरचे नाव वाचण्याची गरज राहत नाही.

या कसोटीवर बाजारातील यंत्रे लावून पाहू. गोल नळीचा दांडा आणि त्यावर स्क्रूने आवळायचे ओतीव ॲल्युमिनियमचे डोके, ही स्वस्त यंत्रांची नेहमीची घडण. डोके दांड्याभोवती फिरू शकते आणि स्क्रू ढिला पडला की कलतेही. दर वेळी पातळी लावावी लागते. तक्रार करण्यासारखे हे आहेच, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने ते सर्वस्वी वाईट नाही, कारण पातळी म्हणजे काय हे त्याच्या हाताला कळते. अमेरिकन बेसेलर २३ सी या यंत्राला दोन तिरप्या पट्ट्यांचा भक्कम सांगाडा आहे. ते हलत नाही, पण अवजड आहे, आणि तिकडून आलेल्या यंत्राचा बल्ब १२० व्होल्टचा असतो. फोकोमॅट १ सी ची समांतरभुज बाहू आणि कॅमची रचना अप्रतिम आहे. डोके वर-खाली केले तरी प्रतिमा आपोआप रेखीव राहते. पण तो कॅम ठराविक भिंगासाठी घासलेला असतो. भिंग बदलले की आपोआप काहीच होत नाही. शिवाय हे यंत्र ३५ मि.मी. फिल्मसाठी बांधलेले आहे, आणि माझ्या मते आपल्याकडे ही अडचण कॅमपेक्षा मोठी आहे.

आपल्या घरांतील ट्रंकांत आणि बिस्किटांच्या डब्यांत जी जुनी निगेटिव्ह आहेत, त्यांतली पुष्कळशी ३५ मि.मी.ची नाहीत. आग्फा क्लिक ३ हा स्वस्त कॅमेरा १२० क्रमांकाच्या फिल्मवर ६×६ सें.मी.चे फोटो काढत असे, आणि त्याआधीचे पेटी कॅमेरे त्याहूनही मोठे निगेटिव्ह देत. धरणाच्या कामानिमित्त कोयनेला आलेल्या कुटुंबांकडे असे काही जपलेले असेल, तर १९६७ पूर्वीची वसाहत कशी होती याचा तो पुरावा आहे. त्या भूकंपात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. अशा निगेटिव्हसाठी ६×६ ची चौकट घेणारा एन्लार्जर हवाच, आणि त्याला ७५ किंवा ८० मि.मी.चे भिंग. मोठ्या निगेटिव्हचा फायदाही मोठा आहे. आठ इंची कागद भरण्यासाठी ३५ मि.मी.ची फिल्म साडेआठ पट वाढवावी लागते. ६×६ ची फिल्म ३.६ पट वाढवली की पुरते.

म्हणून माझी पसंती चेक कंपनी मेओप्टाच्या ओपेमसला आहे. हे यंत्र दिसायला ओबडधोबड आहे, पण ते ६×६ घेते, ३५ मि.मी.ही घेते, आणि हौशी माणसाला दुरुस्त करता येईल इतके साधे आहे. डर्स्टचा एम ६०५ याच वर्गातला, अधिक घोटीव. तो चांगल्या स्थितीत मिळाला तर मी नाही म्हणणार नाही.

'कंडेन्सरचे यंत्र रेखीव, डिफ्यूजरचे पुसट' हे वाक्य बहुतेक पुस्तिकांत असते. ते अर्धेच खरे आहे. चांदीचे कण प्रकाश विखुरतात. कंडेन्सरने एकाच दिशेने पाठवलेल्या किरणांपैकी विखुरलेले किरण भिंगात पोचत नाहीत, त्यामुळे निगेटिव्हचा दाट भाग असतो त्याहून दाट वाटतो आणि चित्राचा काँट्रास्ट वाढतो. कॅलिएने १९०९ मध्ये दाखवलेला हा परिणाम आहे. विसरित प्रकाशात आधीच सर्व दिशांचे किरण असतात, तेथे हे होत नाही. म्हणजे वाढतो तो काँट्रास्ट, तपशील नव्हे. उलट कंडेन्सर धूळ आणि ओरखडेही तितक्याच निष्ठेने दाखवतो. ट्रंकेतल्या जुन्या निगेटिव्हला विसरित प्रकाश मानवतो. काँट्रास्ट कमी पडला तर मल्टिग्रेड कागद आणि फिल्टर यांनी तो वाढवता येतो. आलेखाच्या काळ्या-पांढऱ्या रेषांना मात्र कंडेन्सरच बरा.

भिंगाविषयी थोडक्यात. एल-निक्कॉर किंवा कॉम्पोनॉन-एस यांसारखी सहा भिंगांची रचना उत्तमच, पण ३.६ पट वर्धनासाठी त्यांच्यावाचून अडत नाही. छिद्र किती लहान करावे, याचे उत्तर मात्र बऱ्याच जणांना चुकीचे शिकवलेले असते. आठपट वर्धनात एफ १६ ठेवले तर विवर्तनामुळे एका बिंदूची कागदावर सुमारे ०.१८ मि.मी.ची टिकली होते. एफ ५.६ ला ती ०.०६ मि.मी. असते. डोळ्याला २५ सें.मी.वरून ०.१ मि.मी.च्या आसपासचा फरक कळतो. तेव्हा 'छिद्र लहान, चित्र रेखीव' हा कॅमेऱ्याचा नियम येथे आंधळेपणाने लावू नये. एफ ५.६ ते ८ पुरे.

कोयनानगरात एन्लार्जर बसवायचा तर तीन गोष्टी आणखी पाहाव्या लागतील. पहिली कंपनाची. भूकंपाचे लहान धक्के १९६७ नंतरही तेथे बसत आले आहेत. मात्र पंधरा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये नेमका धक्का येण्यापेक्षा कोणी शेजारून चालत जाण्याचा संभव कितीतरी जास्त. यावर उपाय म्हणून डोके भिंतीवर ठोकून कागद टेबलावर ठेवण्याचा सल्ला देतात, तो मला पटत नाही. भूकंपलेखक मोजतो ते लंबक आणि चौकट यांच्यातील सापेक्ष हालचाल. एन्लार्जरमध्ये तीच हालचाल आपल्याला नको आहे. भिंत आणि टेबल वेगवेगळी हलली तर चित्र फिसकटणारच. डोके आणि कागद एकाच जड पाटाला जोडलेले असू द्यावेत, मग सगळे मिळून हलले तरी चालते. यंत्र घेताना सुईच्या फुलीची प्रतिमा कागदावर पाडून डोक्याला बोटाने हलकी टिचकी मारावी आणि ती किती सेकंदांत स्थिरावते हे मोजावे. बारीक दांड्यावर वजनदार कलर हेड बसवलेले असेल तर हा काळ लांबतो. तेवढे थांबूनच एक्स्पोजर द्यावे लागते.

दुसरी गोष्ट विजेची. राज्याला वीज पुरवणाऱ्या खोऱ्यातही घराघरांत व्होल्टेज स्थिर असेलच असे नाही. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या सुमारे ३.४ व्या घाताने बदलतो. २३० चे २०७ व्होल्ट झाले, म्हणजे १० टक्के घट झाली, तर प्रकाश ३० टक्क्यांनी कमी होतो. त्यातही निळा भाग अधिक घटतो, आणि ब्रोमाइड कागदाला तोच दिसतो. येथे स्टॅबिलायझरवर केलेला खर्च भिंगावरच्या खर्चाहून जास्त फळ देतो. ओपल बल्ब आता सहज मिळत नाहीत म्हणून एलईडी बसवणाऱ्यांनी मल्टिग्रेड कागदाची चाचणी-पट्टी नव्याने काढावी. पांढऱ्या एलईडीचा वर्णपट तारेच्या बल्बहून वेगळा असल्याने फिल्टरचे जुने क्रमांक जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

तिसरी पावसाची. वर्षाला चार-पाच हजार मि.मी. पाऊस पडणाऱ्या गावी भिंगावर बुरशी चढायला एक पावसाळा पुरतो. जुने भिंग घेताना त्यातून टॉर्चचा प्रकाश तिरपा पाडून पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर किंमत कितीही कमी असो, ते भिंग घेऊ नये. काचेच्या चौकटीही दमट दिवसांत त्रास देतात. फिल्मची गुळगुळीत बाजू काचेला चिकटते आणि न्यूटनची वलये चित्रावर उमटतात. वर्गात ती दाखवायला छान आहेत, आलेखावर नकोत. पावसाळ्यात बिनकाचेची चौकट वापरावी, आणि बल्बच्या उष्णतेने फिल्म फुगते म्हणून दिवा मिनिटभर चालू ठेवून मगच फोकस करावा. जूनमध्ये भिंग काढून सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, दांड्याला यंत्राचे तेल लावावे आणि बेलोजला भोक पडले आहे का, हे अंधारात दिवा लावून एकदा पाहून घ्यावे.